माईक नसलेलं नाटक: ऑपेरा आणि त्याच्या बातम्या झाडीपट्टीतून वाचताना

दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर या पट्ट्यात, मंडया म्हणजे जत्रा भरतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि रात्री नाटकं उभी राहतात. त्याच दिवसांत, दरवर्षी ७ डिसेंबरला, इटलीतल्या मिलान शहरात ला स्काला या ऑपेराच्या, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकांच्या, नाट्यगृहाचा हंगाम सुरू होतो. त्याची बातमी जगभर जाते. कोण गायलं, कोणाला टाळ्या पडल्या, कोणाची हुर्यो उडाली. त्यातली एखादी चित्रफीत फिरत फिरत गावच्या व्हॉट्सॲप गटावरही येऊन पडते. झगा घातलेली बाई, पुढे सत्तर-ऐंशी वादक, आणि खाली कुणाचा तरी शेरा: "काऊन वरडून रायली हे?"

शेरा अगदी रास्त आहे. 'तुम्हाला त्यातलं कळत नाही' असं म्हणून तो झटकून टाकणाऱ्यांना स्वतःलाही बहुधा सांगता येत नाही की ती बाई तशी का गाते. उलट ज्याने थंडीत घोंगडं पांघरून पहाटेपर्यंत झाडीपट्टीचं नाटक पाहिलं आहे, त्याला ऑपेरा पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा लवकर उमगावा, असं माझं मत आहे.

पाया: नाटकच, पण बोलणंही सुरात

आपल्या संगीत नाटकात पात्र गद्यात बोलतं, भावना दाटून आली की ऑर्गनवाला सूर देतो, पद होतं आणि पुन्हा गद्य सुरू होतं. ऑपेरात बहुतेक वेळा हे गद्यच नसतं. पडदा वर गेला की वाद्यवृंद सुरू होतो आणि 'दार लाव, थंडी येते' एवढं वाक्यसुद्धा सुरातच म्हटलं जातं. अशा गाता-गाता बोलण्याने कथा पुढे सरकते. मधेच कथा थांबते आणि एकच पात्र आपलं मन मोकळं करतं. ते जे गातं त्याला 'आरिया' म्हणतात. आपल्या भाषेत पद. एवढा एक शब्द लक्षात ठेवला तरी ऑपेराच्या निम्म्या बातम्या वाचता येतात.

अर्थात अपवाद आहेत. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये (१७९१) पदांच्या मधे सरळ गद्य संवाद आहेत. बिझेच्या 'कार्मेन'मध्येही (१८७५) मुळात होते. ही नाटकं आपल्या वळणाच्या जास्त जवळची.

हा प्रकार सुरू झाला १६०० सालाच्या आसपास, इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये, राजेरजवाड्यांच्या वाड्यात. माँटेवेर्दीचा 'ऑर्फेओ' १६०७ सालचा, आणि तो आजही रंगमंचावर येतो. पण खरी कलाटणी मिळाली ती १६३७ साली. व्हेनिसमध्ये तिकीट काढून कुणालाही आत जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह उघडलं आणि दरबारी करमणूक धंद्यात आली. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली दरबाराच्या आश्रयाने खेळ केला आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने संगीत नाटकाचा धंदा उभा केला, तसाच हा प्रवास, फक्त दोन-अडीचशे वर्षं आधी.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे नाटक कोणाचं असं विचारलं की लेखकाचं नाव येतं. तिकडे संगीतकाराचं येतं. 'तोस्का' पुच्चिनीचा, 'आयदा' व्हेर्दीचा. शब्द लिहिणारा भित्तिपत्रकावर बारीक अक्षरात. ऑपेरा पाहणारे लोक गोष्टीतल्या ढोबळ योगायोगांकडे काणाडोळा का करतात, हे यावरून कळतं. ते गोष्ट ऐकायला आलेलेच नसतात.

मग असं ओरडून का गातात?

कारण माईक नसतो.

ऑपेराबद्दल जे काही विचित्र वाटतं, त्यातलं बरंचसं या एका अटीतून निघतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, ज्याला सगळे 'मेट' म्हणतात, सुमारे ३,८०० खुर्च्या आहेत. गायक आणि प्रेक्षक यांच्या मधल्या खड्ड्यात वाद्यवृंद बसतो. साठ ते शंभर वादक, त्यात पितळी तुताऱ्या, नगारे, व्हायोलिनचा ताफा. या सगळ्यांच्या पलीकडे, सगळ्यात वरच्या माळ्यावर, सगळ्यात स्वस्त तिकिटावर बसलेल्या माणसाला गळ्यातला सूर ऐकू गेला पाहिजे. तोही कुजबुजीच्या प्रसंगात.

नुसत्या जोराने हे होत नाही. शंभर वाद्यांपुढे जोर लावणारा गळा चार दिवसांत बसेल. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी गायकांचे आवाज मोजले तेव्हा त्यातली युक्ती उघड झाली. आवाज म्हणजे हवेचं कंपन. एका सेकंदात किती कंपनं, ते हर्ट्झमध्ये मोजतात. मोठ्या वाद्यवृंदाचा सगळ्यात जास्त जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाऊ तसा तो झपाट्याने उतरतो. तालमीत तयार झालेला पुरुष गायक कंठ खाली ठेवतो, घशाची पोकळी मोठी करतो, आणि त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक वेगळाच टोकदार भाग तयार होतो. तिथे वाद्यवृंद क्षीण असतो. माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट. त्यामुळे गायक वाद्यांपेक्षा मोठा नसूनही त्यांच्या मधून वाट काढतो. वरातीत डफडी आणि ढोल कितीही बडवले तरी सनईचा सूर गल्लीच्या टोकाला वेगळा ऐकू येतो ना, त्यातलाच हा प्रकार.

ही टोकदार धार हवी म्हणून आवाज तसा घडवावा लागतो, आणि असा घडलेला आवाज जवळून ऐकला की तो आपल्या कानाला 'ओरडणं' वाटतो. त्यात मोबाईलचा भोंगा आणखी भर घालतो. इवल्याशा भोंग्यातून खर्जाचे सूर जवळपास येतच नाहीत, वरचे मात्र चिरत येतात. म्हणजे गायकाच्या आवाजातला ऊबदार भाग गाळला जातो आणि धार तेवढी शिल्लक राहते. साध्या इअरफोनवर तीच चित्रफीत ऐकून पाहा, फरक लगेच कळेल.

आवाजाला जी लहर असते, सूर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली हलतो, तीही अनेकांना खटकते. आपलं गाणं स्थिर सूर मागतं, त्यामुळे आपल्या कानाला तो थरथराट दोष वाटतो. तिकडे तो मोकळ्या, न आवळलेल्या गळ्याची खूण मानतात. अर्थात वयाबरोबर ही लहर फार रुंद झाली की तिकडचे समीक्षकही नाकं मुरडतात. 'आवाज डगमगतो आहे' अशी टीका वाचली तर ती बहुधा याबद्दल असते.

आवाजांची वर्गवारीही याच अटीतून आलेली आहे. बायकांत सगळ्यात उंच तो सोप्रानो, मधला मेझो. पुरुषांत उंच तो टेनर, मधला बॅरिटोन, खालचा बास. भूमिका या पट्टीप्रमाणे लिहिलेल्या असतात. नायक-नायिका बहुधा टेनर आणि सोप्रानो, खलनायक बॅरिटोन. त्याच पट्टीतही हलका गळा आणि भारी गळा असा भेद असतो. हलक्या गळ्याच्या गायकाने भारी भूमिका घेतली की जाणकार काळजीच्या सुरात लिहू लागतात, कारण त्यात गळे कायमचे गेल्याची उदाहरणं आहेत.

आमच्याकडच्या नाटकात मंचाच्या वर माईक टांगलेला असतो. जाणता नट बोलता बोलता दोन पावलं सरकून बरोबर त्याच्याखाली येतो, वाक्य टाकतो आणि मग मागे होतो. नवखा नट जागेवरच उभा राहून बोलतो आणि मागच्या रांगेतून 'आवाज!' अशी आरोळी येते. माईक आला आणि नटाची चाल बदलली. ऑपेरावाल्यांनी तो येऊच दिला नाही आणि गळा बदलला.

आणि शब्द कळत नाहीत त्याचं काय?

भाषा इटालियन, जर्मन, फ्रेंच, रशियन. आपल्याला कळणार नाही हे उघड आहे. पण गंमत अशी की उंच पट्टीतल्या सोप्रानोचे शब्द इटलीच्या माणसालाही पुष्कळदा कळत नाहीत.

याचं कारणही शरीरात आहे. 'आ', 'ई', 'ऊ' हे स्वर आपण वेगळे ओळखतो ते तोंडाच्या पोकळीत कुठला पट्टा घुमतो यावरून. गायिका फार वर गेली की मूळ सूरच त्या पट्ट्याच्या वर निघून जातो. मग 'ई' असो की 'ऊ', ऐकणाऱ्याला सगळं 'आ'सारखंच भासतं. आवाज पोचावा म्हणून ती तोंडही तसं उघडते. म्हणजे तो उच्चारातला आळस नसतो.

यावर तोडगा निघाला तो अगदी अलीकडे. १९८३ साली टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने मंचाच्या वर पट्टी लावून त्यावर गाण्याचं भाषांतर दाखवायला सुरुवात केली. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. लोक वाचत बसतील, ऐकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मेटने १९९५ साली प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा बसवला, ज्याला नको असेल त्याने तो बंद ठेवावा. आता पट्टीशिवाय ऑपेरागृह सापडणं कठीण.

बातम्या कशाच्या असतात?

गळ्याच्या. क्रिकेटमध्ये जसा अमुक खेळाडू जायबंदी, तसं इथे 'अमुक गायिका प्रकृतीच्या कारणाने आज गाणार नाही, तिच्या जागी तमुक'. साधी सर्दी ही मोठी बातमी असते, कारण गळा हेच वाद्य आणि त्याला दुसरी तार बसवता येत नाही. प्रत्येक मोठ्या भूमिकेसाठी बदली गायक तयार ठेवलेला असतो.

ही व्यवस्था कशी चालते ते १० डिसेंबर २००६ ला ला स्कालात सगळ्यांनी पाहिलं. प्राचीन इजिप्तमध्ये घडणारा 'आयदा' चालू होता. नायकाचं पहिलं मोठं पद नाटक सुरू होताच येतं. गळा तापायला वेळच मिळत नाही, म्हणून टेनर लोक त्याला वचकून असतात. रोबेर्तो अलान्या ते गायला. वरच्या माळ्यावरून नापसंतीच्या आरोळ्या आल्या. त्याने प्रेक्षकांकडे पाहून हात केला आणि सरळ विंगेत निघून गेला. पुढचं गाणं दोघांचं होतं. मेझो गायिका मंचावर एकटी, वाद्यवृंद थांबलेला नाही. बदली गायक अंतोनेल्लो पालोंबी याला तसाच पुढे ढकलण्यात आलं. इजिप्तच्या त्या सगळ्या सोनेरी थाटात हा गडी जीन्स आणि काळा शर्ट घालून उभा राहिला आणि गायला. प्रयोग पार पडला.

हा वरचा माळा, स्वस्त तिकिटांचा, ला स्कालातला सगळ्यात कडक परीक्षक मानला जातो. तिथे बसणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तीच नाटकं ऐकत आले आहेत. कुठला सूर कुठे लागायला हवा हे त्यांना पाठ असतं. शिट्टी आणि शाबासकी दोन्ही तिथूनच. त्याच ला स्कालात २००७ च्या फेब्रुवारीत पेरूचा टेनर हुआन दिएगो फ्लोरेस याने नऊ वेळा 'हाय सी' हा टेनरचा अगदी उंच सूर लावायला लावणारं एक पद म्हटलं आणि लोकांनी 'वन्स मोअर' घेतला. तिथे वन्स मोअर द्यायचा नाही असा दंडक होता, तो १९३३ नंतर पहिल्यांदा मोडला. बालगंधर्वांना पद संपवू न देणाऱ्या आपल्या लोकांना यात बातमी काय, असंच वाटेल.

कधी कधी बातमी गळ्याची नसते. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मेटने रशियाच्या विख्यात सोप्रानो आन्ना नेत्रेब्को यांना पुतिन यांना दिलेला पाठिंबा मागे घ्यायला सांगितलं. त्यांनी तसं केलं नाही आणि मेटने त्यांना वगळलं. 'तुरांदोत'मधली त्यांची भूमिका युक्रेनच्या ल्युदमिला मोनास्तिर्स्का यांना मिळाली, आणि प्रयोगानंतर त्या आपल्या देशाचा झेंडा अंगावर लपेटून पुढे आल्या. कलावंताच्या राजकारणाची किंमत त्याच्या गाण्याने मोजावी का, यावर तिकडे अजून एकमत नाही. वगळण्याचा निर्णय मला समजतो. पण युद्धाआधी त्याच गायिकेच्या राजकारणाकडे सगळी ऑपेरागृहं डोळेझाक करत होती, हेही विसरता येत नाही.

प्रक्षेपण: बिनमाईकच्या गाण्यापुढे माईक

आपल्यासारख्यांचा ऑपेराशी संबंध येतो तो इथेच. मिलानला कोण जातो?

ऑपेरा दूरवर पोचवायची खटपट रेडिओपेक्षाही जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात लोक रांगा लावून टेलिफोन कानाला लावत होते, आणि त्यातून ऑपेरागृहातलं गाणं ऐकू येत होतं. १९१० च्या जानेवारीत ली डी फॉरेस्ट याने मेटमधून त्या काळचा विख्यात टेनर कारुसो याचं गाणं रेडिओवर सोडलं. ऐकायला यंत्रंच मोजकी होती आणि आवाज खरखरीत होता. मेटचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं १९३१ च्या नाताळात आणि शनिवारी दुपारचा तो खेळ आजतागायत चालू आहे. पुढे ३० डिसेंबर २००६ ला मेटने उपग्रहावरून थेट सिनेमागृहांत ऑपेरा दाखवायला सुरुवात केली. पहिला मान 'मॅजिक फ्लूट'च्या छोट्या, इंग्रजी रूपाला. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही मेटचे हे खेळ पडद्यावर दाखवले जातात. आणि मार्च २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलं गेलं तेव्हा, मेटने रोज रात्री एक जुना प्रयोग फुकट खुला केला.

प्रक्षेपणाने काय बदललं? पहिली गोष्ट म्हणजे मोठा गळा आणि छोटा गळा यांतला भेद पुसला गेला. नाट्यगृहात एखादा आवाज भिंतीला धडकतो, दुसरा वाद्यांत बुडतो. ध्वनी सांभाळणारा तंत्रज्ञ दोघांनाही समान पातळीवर आणून ठेवू शकतो. म्हणून एकाच प्रयोगाबद्दल 'अप्रतिम' आणि 'ऐकूच आला नाही' अशी दोन मतं वाचायला मिळाली, तर आधी विचारायचं: कोण खुर्चीत बसून लिहितो आहे आणि कोण पडद्यापुढे?

दुसरी गोष्ट चेहरा. चौथ्या माळ्यावरून पाहणाऱ्यासाठी हातवारे मोठे करावे लागतात. कॅमेरा पापणी टिपतो. त्यामुळे दिसण्याला, वयाला, अंगकाठीला जास्त किंमत आली आणि जुन्या रसिकांची खरी तक्रार ही आहे. हा दबाव पूर्वीही होताच. २००४ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने सोप्रानो डेबोरा व्हॉइट यांना एका भूमिकेतून काढलं, कारण दिग्दर्शकाने ठरवलेला काळा पोशाख त्यांच्या देहयष्टीला शोभणार नव्हता. त्यावर गदारोळ झाला. पण कॅमेरा आल्यावर अशा गोष्टी न बोलताच ठरू लागल्या, असं अनेकजण म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे. गळ्यासाठी वीस वर्षं मेहनत घेतलेल्या बाईला कंबरेच्या मापावर नाकारणं हा कलेशी सरळ सरळ दगा आहे.

मग पडद्यावर पाहणं खोटं का? मला तसं वाटत नाही. नाट्यगृहात जे होतं त्यातली एक गोष्ट पडदा देऊ शकत नाही: कुठल्याही यंत्राशिवाय माणसाचा आवाज थेट अंगावर येणं. बाकीचं बरंचसं देतो आणि काही जास्तीचंही. मध्यंतरात कॅमेरा पडद्यामागे जातो, रंगकर्मी अख्खं शहर उचलून दुसरं उभं करताना दिसतात, धापा टाकणाऱ्या गायकाची दोन मिनिटांची मुलाखत होते. तीन हजार रुपयांच्या खुर्चीवरून हे दिसत नाही.

हा श्रीमंतांचा षोक नाही का?

बऱ्याच अंशी आहे. ला स्कालाच्या पहिल्या रात्री हिरे-माणकं घालून मिरवणारे लोक गाण्यासाठी येतात यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण खर्चाचं कारण पुन्हा तेच. शंभर वादक, सत्तर-ऐंशी गायकांचा समूह, सुतार, शिंपी, आणि गळा रोज गाऊ शकत नाही म्हणून एका भूमिकेला दोन-दोन संच. फक्त तिकिटांवर हे कुठेच भागत नाही. जर्मनीत सुमारे ८० ऑपेरागृहं सरकारच्या पैशावर चालतात. अमेरिकेत देणगीदार लागतात, म्हणून मेटच्या तुटीच्या बातम्या वारंवार येतात. व्हिएन्नात उभं राहून पाहायचं तिकीट थोडक्या युरोंत मिळतं आणि त्यासाठी विद्यार्थी तासन्‌तास रांगेत थांबतात. २०२३ साली इटलीतल्या ऑपेरागायनाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याच वर्षी झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आपलं नाटक सरकारच्या नाही, गावच्या मंडळाच्या आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या बळावर उभं आहे. पैशाच्या बाबतीत तिकडच्यांनी वडशाच्या नाटक कंपन्यांकडे बघायला हरकत नाही.

गांधीजी, गीता आणि ऑपेरा

ऑपेराशी आपला काय संबंध, असं विचारणाऱ्याला मी वर्ध्याकडे बोट दाखवतो. सेवाग्रामला जो माणूस राहिला, त्याच्यावर ऑपेरा आहे. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास याचा 'सत्याग्रह', पहिला प्रयोग १९८० साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला. त्यात गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतला काळ आहे: जमावाचा हल्ला, 'इंडियन ओपिनियन' हे त्यांचं वृत्तपत्र, टॉलस्टॉय फार्म हा त्यांचा आश्रम, १९१३ ची पदयात्रा. आणि गायलेले शब्द? सगळे भगवद्गीतेतले, संस्कृतमध्ये. पडदा उघडतो तो कुरुक्षेत्रावर. अर्जुन आणि कृष्ण उभे आहेत, आणि त्यांच्याबरोबर गांधी.

म्हणजे न्यूयॉर्कचे प्रेक्षक ज्या ऑपेराचे शब्द ऐकून गोंधळतात, ते आपल्याकडे हरिपाठाला बसणाऱ्या आजीच्या ओळखीचे निघण्याची शक्यता जास्त. वाद्यवृंदातून तुताऱ्या आणि नगारे दोन्ही काढून टाकले आहेत. तंतुवाद्यं, बासऱ्या आणि तत्सम वाद्यं आणि ऑर्गन एवढंच. ऑर्गन ऐकून संगीत नाटकाची आठवण आली तर ती तुमची चूक नाही. संगीत मात्र धीराने ऐकावं लागतं. तेच छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि हळूहळू बदलतात. ज्यांना भजनाच्या एका ओळीवर अर्धा तास डोलता येतं त्यांना ते जड जाणार नाही.

२०११ च्या नोव्हेंबरात मेटने हा ऑपेरा जगभरच्या सिनेमागृहांत थेट दाखवला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत-गरीब दरीविरुद्ध आंदोलन चालू होतं. १ डिसेंबरला प्रयोग सुटला तेव्हा आंदोलक बाहेर जमले होते. आत सत्याग्रहाचा ऑपेरा आणि बाहेर पोलिसांचे कठडे. ग्लास स्वतः तिथे गेला आणि ऑपेराच्या शेवटचे शब्द बोलला. 'यदा यदा हि धर्मस्य'चा अर्थ, इंग्रजीत. त्या आंदोलनात भोंग्याऐवजी एक रीत पडली होती: बोलणारा एक तुकडा म्हणे, जवळचे लोक तो मोठ्याने पुन्हा म्हणत, म्हणजे मागच्यांना पोचे. ग्लासचे शब्दही तसेच गर्दीच्या तोंडून मागे मागे गेले.

पहिल्यांदा पाहायचं असेल तर

वॅग्नरच्या 'रिंग'ने सुरुवात करू नका. ते चार रात्रींत मिळून सुमारे पंधरा तास चालतं. मंडईच्या दिवसांत लागोपाठ जागणाऱ्यालाही ते एकदम झेपणार नाही.

फुटबॉल विश्वचषकामुळे १९९० साली घरोघरी पोचलेलं 'तुरांदोत'मधलं टेनरचं पद बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. त्याच वर्षी रोममध्ये पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर ते एकत्र गायले तेव्हा वाद्यवृंदापुढे उभे होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. शेवटचा जो उंच सूर लोक श्वास रोखून ऐकतात, तो पुच्चिनीने क्षणभराचाच लिहिला होता. लांबवायची प्रथा गायकांची. पण एका पदावरून ऑपेरा कळत नाही, आणि 'तुरांदोत'ची गोष्ट तशी थंड आहे.

मी म्हणेन 'ला बोएम' घ्या. पुच्चिनीचाच, १८९६ चा. पॅरिसमध्ये थंडीने काकडणारी चार फाटकी पोरं, शेगडीत घालायला लाकूड नाही म्हणून त्यातला लेखक स्वतःचं नाटक जाळून ऊब घेतो, घरमालक भाडं मागायला येतो तर त्याला दारू पाजून हुसकावतात. मग शेजारची आजारी मुलगी विझलेली मेणबत्ती पेटवून घ्यायला दार वाजवते. इंग्रजी पट्टी चालू ठेवा, समोर कोणाला इंग्रजी जमत असेल तर त्याला बाजूला बसवा. मेटचं शनिवारचं रेडिओ प्रक्षेपण थेट ऐकायचं तर न्यूयॉर्कला दुपारचा १ वाजतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे गावात नाटक असेल त्या शनिवारी विसरा.

'ला बोएम'चा पहिला अंक पस्तीस-चाळीस मिनिटांचा आहे. आवडला तर पुढचे तीन पाहा. नाही आवडला तर बंद करा आणि दुसऱ्या दिवशी 'कार्मेन' लावून बघा. त्यातल्या दोन-तीन चाली तुम्ही आधीच जाहिरातींत नाहीतर लग्नाच्या बँडवर ऐकलेल्या निघतील.